आमचा गट कोणता?

इंग्लंडातल्या केंट परगण्याचा निकाल मला तोंडपाठ आहे. एकूण जागा ८१. पैकी रिफॉर्म नावाच्या नव्या पक्षाला ५७, लिबरल डेमोक्रॅटांना १२, हुजूर पक्षाला ५, हरित पक्षाला ५ आणि मजूर पक्षाला २. बेरीज करून पाहा, बरोबर येते. १९९७ पासून जिथे हुजूर पक्ष मांडी घालून बसला होता, तिथे २०२५ च्या १ मेला मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या मांडीखालची सतरंजीच गेली.

मला हे ठाऊक असण्याचं कारण आमचा भाचा. तो तिकडे केंटात राहतो. त्याने फोन करून सांगितलं, "मामा, भूकंप झाला, भूकंप!" आणि मी नेरळच्या घरात, माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून बसलेलो, चहाच्या कपासकट हादरलो. लंडनात राज्य मजूर पक्षाचं आणि शेजारच्या केंटात त्याला अवघ्या दोन जागा! ही बातमी पोटात ठेवणं मला शक्यच नव्हतं. सौ. पोहे घेऊन आली तशी मी तिला बसवून घेतलं आणि बशीतले शेंगदाणे बाजूला काढून निकाल समजावून द्यायला लागलो. सत्तावन्न शेंगदाणे आमच्या घरच्या पोह्यांत कधीच नसतात, तेव्हा एक शेंगदाणा म्हणजे पाच जागा असा हिशेब धरला. मजूर पक्षासाठी मोहरीचे दोन दाणे वेगळे काढले.

सौ.ने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती शांतपणे ऐकून घेते तेव्हा मला सावध व्हायला हवं, हे तीस वर्षांच्या संसारातही मला जमलेलं नाही.

"अहो, हे जे तिकडचं आहे, ते म्हणजे आपल्याकडचं काय?"

"जिल्हा परिषद समज."

"बरं. मग आपला गट कोणता?"

"म्हणजे?"

"जिल्हा परिषदेचा गट. आपण मत देतो तो."

मी म्हणालो, "कर्जत."

"कर्जतला नगरपरिषद आहे. तिथली माणसं जिल्हा परिषदेला मत देत नाहीत."

"मग कळंब असेल."

"ते तिकडे, आत."

"उमरोली?"

"अहो, नेरळ! राहतो त्या गावाचंच नाव आहे गटाला!"

हुजूर पक्षाचा एकुलता एक शेंगदाणा माझ्या घशात अडकला.

आता तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा, पण हसून झाल्यावर स्वतःलाही हाच प्रश्न विचारा. शहरात राहत असाल तर वॉर्डाचा नंबर सांगा. खेड्यात राहत असाल तर गट सांगा आणि गटाखालचा गणही सांगा. कारण आपल्याकडे एका गटात दोन गण असतात, गट जिल्हा परिषदेचा आणि गण पंचायत समितीचा, आणि मतदानाच्या दिवशी आपण एकाच वेळी दोन्हीकडे मत देतो. दोन बटणं दाबतो, बोटाला शाई लावून घेतो, बाहेर येऊन ते बोट फोटोसाठी वर करतो आणि कोणाला कशासाठी निवडलं ते घरी पोचेपर्यंत विसरतो. शाई त्या मानाने बरीच टिकते.

मला वाटायचं, हा विसरभोळेपणा वयाचा आहे. पण मग २३ फेब्रुवारी २०१७ आठवला. तेव्हा मी नोकरीत होतो आणि स्मरणशक्ती ठणठणीत होती. त्या दिवशी रायगड जिल्हा परिषदेची मतमोजणी होती आणि त्याच दिवशी मुंबई महापालिकेचीही. संध्याकाळच्या कर्जत गाडीत आमचा ठरलेला डबा, ठरलेली माणसं. एरवी कल्याण गेल्याशिवाय पत्त्यांचा डाव मोडत नाही, त्या दिवशी पत्ते बाहेरच आले नाहीत. शिवसेना ८४, भाजप ८२! दोनशे सत्तावीस जागांत दोनच जागांचं अंतर! महापौर कोणाचा, अपक्ष कोणाकडे, काँग्रेस काय करणार, यावर ठाण्यापासून बदलापूरपर्यंत असा वाद झाला की वांगणीला उतरणारे एक गृहस्थ नेरळला उतरले आणि परतीची गाडी धरताना खिडकीतून आणखी एक मुद्दा मांडून गेले.

या डब्यातल्या एकालाही मुंबई महापालिकेत मत नव्हतं. आमचा कचरा मुंबई उचलत नाही, आमचं पाणी मुंबई सोडत नाही. उलट ज्यांच्यामुळे आमच्या गावचे रस्ते होतात किंवा होत नाहीत, त्यांची पेटी त्याच दिवशी तालुक्याला उघडली होती. गावात गुलाल उडाला होता. स्टेशनाबाहेर आलो तर ढोल वाजत होता, आणि मी शेजाऱ्याला विचारलं, "आज कोणाचं लग्न?"

आमचे साडू खालापूर तालुक्यात चौकला राहतात. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे जिल्हा परिषद हा शब्द ते आपण घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घेतो तसा, थोडा राग आणि थोडी माया मिसळून घेतात. त्यांना रायगडचा निकाल पाठ आहे. त्यांनी मला तो पुढे कधीतरी पुरणपोळीच्या पंगतीत सांगितला. जागा ५९. शेतकरी कामगार पक्ष २३, शिवसेना १८, राष्ट्रवादी काँग्रेस १२, काँग्रेस ३, भाजप ३. "आता सांगा साडूभाऊ," ते म्हणाले, "अध्यक्ष कोणाचा झाला?"

"तेवीसवाल्यांचा."

"बारावाल्यांचा."

शेकाप आणि राष्ट्रवादी एकत्र होते. तेवीस आणि बारा पस्तीस, बहुमताला लागतात तीस, आणि अध्यक्षपद राष्ट्रवादीच्या आदिती तटकरे यांच्याकडे गेलं. सगळं कायद्यात बसतं, माझी काही तक्रार नाही. लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत अशीच गणितं होतात. मला वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. इतका सुरस सामना माझ्याच अंगणात झाला, आणि मी दोन तास उभ्याने प्रवास करून आलेल्या थकल्या डोळ्यांनी दुसऱ्याच्या अंगणातला सामना बघत होतो.

हे का होतं याचा मी थोडा विचार केला आहे. आम्हा मध्यमवर्गीयांना जिल्हा परिषद लागत नाही, हे त्याचं खरं कारण. जिल्हा परिषद म्हणजे काय? प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावाचं पाणी, गावाचा रस्ता. आमची मुलं इंग्रजी माध्यमात गेली, तीही बदलापूरला. आम्हाला ताप आला की आमचा डॉक्टर ठरलेला. अंगणवाडीचं दार आम्ही मतदानाचं केंद्र म्हणूनच पाहिलेलं. आरोग्य केंद्राच्या रांगेत उभे राहिलो ते २०२१ साली लशीसाठी, आणि तेव्हाही आमच्यातल्या निम्म्यांना व्यवस्था इतकी चोख असल्याचं आश्चर्य वाटलं. राहता राहिला रस्ता. तो मात्र सगळ्यांना लागतो, म्हणून आम्ही खड्ड्याला शिव्या देतो. पण शिव्या देतो त्या दिल्लीला. नेरळच्या गल्लीतल्या खड्ड्याचा जाब पंतप्रधानांना विचारण्यात जी ऐट आहे ती गटाच्या सदस्याला विचारण्यात नाही. शिवाय सदस्य रोज समोर दिसतो, उत्तर द्यायचा धोका असतो.

भाच्याला मी ही खंत सांगितली तर तो म्हणाला, "मामा, इथे काय वेगळं आहे? आमच्याकडेही रस्ते, शाळा, ग्रंथालयं, म्हाताऱ्यांची देखभाल हे कौंटीचं काम. आणि लोकांनी मतं दिली ती लंडनच्या सरकारवर राग काढायला. खड्डा तिथेच आहे." हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. साहेबाने दीडशे वर्षं राज्य केलं, त्याची एखादी खोड आपल्यासारखी निघाली की उगाच ऊर भरून येतो.

पण पुढे त्याने जे सांगितलं ते ऐकून बरं वाटलं नाही. त्याच २०२५ साली इंग्लंडातल्या नऊ ठिकाणच्या निवडणुका सरकारने वर्षभर पुढे ढकलल्या. एसेक्स, सरे, नॉरफोक अशी नावं. कारभाराची फेररचना करायची म्हणून. तर केवढा गहजब! लोकांचा हक्क हिरावला म्हणून विरोधकांनी रान उठवलं. एका वर्षासाठी!

मी फोन ठेवला आणि बोटं मोजायला लागलो.

रायगड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. निवडणूक झाली नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. एप्रिल गेला, पावसाळा गेला, गणपती गेले. २०२३ गेलं. २०२४ गेलं, त्यात लोकसभा झाली, विधानसभा झाली, शाई दोनदा लागली. ओबीसी आरक्षणाचा वाद, गटांची रचना कोणी आणि कशी करायची याचा वाद, कोर्टाच्या तारखा. वाद खरे होते, त्यात ज्यांचा हक्क अडकला होता त्यांचं म्हणणं खरं होतं, त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. पण तीन वर्षं उलटून गेली आणि अखेर २०२५ च्या ६ मेला, म्हणजे केंटच्या मतदानानंतर पाचच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आता चार महिन्यांत निवडणुका घ्या. राज्यघटनेत या मुदतीबद्दल स्वच्छ लिहिलं आहे, पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही. नवी निवडणूक जुनी मुदत संपायच्या आत व्हायला हवी, हेही लिहिलं आहे. घटनेत इतकं सोपं वाक्य क्वचितच सापडेल. बहुधा त्यामुळेच ते कोणाला कळलं नसावं.

आणि आमचं काय? दूधवाला एक दिवस आला नाही तर आमची आळी सकाळी सात वाजता रस्त्यावर येते. कर्जत लोकल वीस मिनिटं उशिरा आली तर स्टेशनमास्तरच्या खोलीत घुसायला माणसं तयार असतात. जिल्हा परिषद तीन वर्षं आली नाही, तर आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी खरं सांगतो, मला वाटत होतं ती आहे. कोणी विचारलं असतं तर मी सदस्यांच्या भ्रष्टाचारावर अर्धा तास बोललो असतो. त्या वेळी सदस्यच नव्हते!

हा मुद्दा मी एका जुन्या गाडीमित्रापुढे काढला, तर तो म्हणाला, "बरं झालं की! साहेब बघतो, काम होतं. ते पुढारी कशाला हवेत?" हे मत आमच्या वर्गात फार लोकप्रिय आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. साहेब हुशार असतो, मेहनती असतो, बरेचदा प्रामाणिकही असतो. पण साहेबाची बदली होते. तो अलिबागला बसतो. मुंबईत कोणाला भोळा ठरवायचं असलं की 'अलिबागसे आया क्या' असं विचारतात, पण आमच्या कर्जत-खालापूरच्या माणसाला खरं विचारायला हवं, "बाबा, अलिबागला कधी गेलायस का?" कर्जत तालुका मुळात ठाणे जिल्ह्यातला, एकोणिसाव्या शतकात कुलाब्यात टाकला. पुढे १९८१ साली कुलाब्याचं रायगड झालं, पण अंतर तेवढंच राहिलं. घाटाच्या पायथ्याशी आम्ही आणि समुद्राच्या काठाला आमची जिल्हा परिषद. वाडीवरच्या बाईने एका अर्जासाठी तिकडे जायचं म्हणजे गाडी, मग एसटी, मग दुसरी एसटी, आणि एका दिवसाची मजुरी बुडाली.

सदस्य कसाही असला तरी तो इथलाच असतो. त्याला लग्नाला यावं लागतं, बाराव्याला यावं लागतं, पालखीत पुढे नाचावं लागतं. त्याला रस्त्यात गाठून "काय रे, कुठे असतोस?" असं विचारता येतं. साहेबाला "काय रे" म्हणता येत नाही. १९६२ च्या १ मेला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि त्याआधी वसंतराव नाईकांच्या समितीने सगळी मांडणी करून दिली होती. तेव्हाही कलेक्टर होते, तेही हुशार होते. तरीसुद्धा निवडलेली माणसं बसवायची असं ठरलं, ते या 'काय रे'साठीच, असं आमचे साडू म्हणतात. गुरुजी असल्यामुळे ते थोडं सोपं करून सांगतात, पण चुकीचं सांगत नाहीत.

साडूंच्या चौकाहून इरशाळगड दिसतो. त्याच्या कुशीत इरशाळवाडी होती. ठाकूर समाजाची वस्ती. गाडीरस्ता नव्हता, डोंगर चढूनच जायचं. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री पावसात दरड आली. मदतीला गेलेली माणसं अंधारात, चिखलात पायी चढली, यंत्रं वर नेताच येईनात. मुख्यमंत्रीसुद्धा पायीच चढून गेले. सत्तावीस मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं सापडलेली नव्हती. सत्तावीस आणि सत्तावन्न, चौऱ्याऐंशी. हा आकडा मी वर्षानुवर्षं मुंबईच्या निकालाचा म्हणून सांगत आलो होतो.

सदस्य असता तर डोंगर थांबला असता, असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढावं. पण त्या रात्री सोळा महिने झाले होते आणि त्या वाडीचा जिल्हा परिषदेत कोणी नव्हता, पंचायत समितीतही कोणी नव्हता. पावसाळ्याआधी जाऊन "आमच्या वाटेचं काय?" म्हणून ज्याचा दरवाजा ठोकायचा, त्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्यांच्याकडे आमदाराला फोन लावणारी ओळख असते त्यांना अशा खुर्च्यांची गरज पडत नाही. वाडीवरच्या माणसाकडे ओळख नसते, त्याच्याकडे मतच असतं. ते त्याचं मत आम्ही सोळा महिने बंद ठेवलं, आणि त्यानंतरही ते बंदच राहिलं. आम्ही म्हणजे सरकारने, हे खरं. पण सरकारला कोणी विचारलं नाही, आणि विचारायची सवय, वर्तमानपत्र वाचायची सवड आणि पत्र लिहायचं शिक्षण हे सगळं ज्यांच्याकडे होतं ते आम्ही कर्जत गाडीत अमेरिकेचा अध्यक्ष निवडत होतो.

पोह्यांच्या त्या सकाळनंतर मी मनावर घेतलं. चौकला जाऊन साडूंकडून एक वही भरून आणली. कर्जत तालुक्यातले गट, खालापूर तालुक्यातले गट, २०१७ ला कुठे कोण आलं, सगळं लिहून घेतलं. पाठांतराला मी पूर्वीपासून बरा. केंट आठवड्यात पाठ झाला होता, रायगडला दोन दिवस पुरले. मग एका सकाळी चहाच्या वेळी सौ.समोर उभा राहिलो आणि शाळेत कविता म्हणायचो तसा एका दमात निकाल म्हणून दाखवला. शेवटी, "आपला गट, नेरळ!" असं ठासून सांगितलं.

"छान," सौ. म्हणाली. "आणि गण?"

मी वही उघडली. वहीत गण नव्हते. साडूंनी सांगितले होते, पण तेवढ्यात जेवायला वाढलं म्हणून मी लिहून घेतले नव्हते. मी सौ.कडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर तिलाही येत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आमचा सामना बरोबरीत सुटणार आहे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई ओसरीवर केर काढत होत्या. त्या डोंगरापलीकडच्या एका वाडीवरून येतात. त्यांच्या वाडीवरच्या शाळेचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं आणि कोणाला सांगायचं असं त्यांनी मागे मला विचारलं होतं, तेव्हा मी त्यांना "अर्ज करा" असा मौलिक सल्ला दिला होता. त्यांनी केरसुणी थांबवली.

"काकी, तुमचा गण मी सांगते," त्या म्हणाल्या. "आमचा पण सांगते. लिहून घ्या काका."

मी पेन शोधायला आत गेलो.